बॉनेटखालचे निदान : मोटारमालकाच्या हातातील एका विद्येचा इतिहास

मोटार सुरू का होत नाही आणि ती रात्रभर उभी होती त्या जागी जमिनीवर उमटलेला डाग कशाचा आहे, हे दोन प्रश्न मोटारीइतकेच जुने आहेत. मात्र त्यांची उत्तरे कोणी शोधायची, कोणत्या साधनांनी शोधायची आणि त्यासाठी मालकाच्या अंगी किती ज्ञान असावे, याविषयीची अपेक्षा गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. तंत्रज्ञानाचे इतिहास बहुधा शोध लावणाऱ्यांचे आणि कारखानदारांचे असतात. यंत्र विकत घेतल्यानंतर ते चालते ठेवणाऱ्या माणसांनी डोळे, कान, नाक आणि बोटे यांच्या आधारे जी विद्या जमवली, तिची नोंद त्यांत क्वचितच होते. घरच्या घरी दोष शोधण्याची ही प्रथा केवळ हौसेतून जन्मली, असे मानणे बरोबर नाही. यंत्राची घडण, सुट्या भागांची टंचाई आणि हवामान यांनी ती मालकावर लादली. परंतु लादलेली असूनही तिच्यातून तर्काची एक शिस्तबद्ध पद्धत घडली, आणि मुंबईतील फियाट व प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांच्या कालखंडात ती जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

या प्रथेचा आरंभ थेट पहिल्या मोटारीपाशी नेता येतो. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी वाहनाचे एकस्व मिळवले, आणि १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला आधी न सांगता, मानहाइम ते फोर्ट्सहाइम असा सुमारे १०५ किलोमीटरचा प्रवास त्या वाहनातून केला. प्रवासाच्या प्रचलित वृत्तान्तानुसार इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी टोपीला लावायच्या लांब टाचणीने ती मोकळी केली, प्रज्वलनाची तार उघडी पडली तेव्हा मोजाबंदाने तिच्यावर आवरण घातले, वीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून लिग्रोइन हे इंधन घेतले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चांभाराकडून चामडे बसवून घेतले. या वृत्तान्ताकडे साहसकथा म्हणून पाहिले जाते, पण त्यातील निदानाचा भाग अधिक मोलाचा आहे. इंजिन बंद पडल्यावर इंधन पोहोचत नाही की ठिणगी पोहोचत नाही, हे त्यांना आधी ठरवावे लागले असणार. टाचणी आणि मोजाबंद हे उपाय त्या निर्णयानंतरचे आहेत. मालकाने केलेल्या निदानाची सगळी पुढील परंपरा याच दुहेरी प्रश्नावर उभी राहिली.

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल आणि हवा, त्या मिश्रणावर सिलिंडरमध्ये पडणारा पुरेसा दाब, आणि दाब शिगेला पोहोचत असतानाच पडणारी ठिणगी. मराठी गॅरेजच्या बोलीत यांना पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि करंट असे म्हटले जाते. इंजिन सुरू होत नसेल तर या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट कमी पडते आहे, आणि ती कोणती हे एकेक शक्यता बाद करत शोधता येते. गळतीचा विचारही याच तीन गोष्टींशी शेवटी येऊन मिळतो, कारण जे बाहेर ठिबकते किंवा आत शिरते, ते पेट्रोल, ऑइल, पाणी किंवा हवा यांपैकीच काहीतरी असते, आणि ते नको तिथे गेले की तिन्हींपैकी एकीवर परिणाम होतो.

मोटारीच्या पहिल्या दोन-तीन दशकांत इंजिन सुरू करणे हेच एक जोखमीचे काम होते. समोरून हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे, आणि ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन उलट्या दिशेने ढकलला जाऊन हँडल हाताला जोराचा हिसका देत असे. म्हणून हँडल मारण्यापूर्वी ठिणगीची वेळ दांडीने मागे घ्यायची, आणि मुठीत अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूला न धरता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असे शिकवले जाई. हा नियम मोडणाऱ्यांची संख्या इतकी होती की मनगटाजवळच्या बहिःप्रकोष्ठास्थीच्या टोकाला होणारा एक विशिष्ट अस्थिभंग वैद्यकशास्त्रात मोटारचालकाचा अस्थिभंग या नावानेच ओळखला जाऊ लागला. कॅडिलॅकच्या १९१२ सालच्या मॉडेलवर चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर आला, ज्याला मराठीत आजही सेल्फ म्हणतात, आणि हँडलचे महत्त्व हळूहळू कमी होत गेले. या सुधारणेने धोका गेला, पण निदानाच्या दृष्टीने एक गोष्टही गेली : हँडल फिरवताना प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला जाणवत असे, आणि एखाद्या सिलिंडरची व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर त्या फेऱ्याला हँडल हलके लागे. कॉम्प्रेशन मोजण्याचे यंत्र नसताना हातच ते काम करत होता.

गळतीच्या बाबतीत सुरुवातीच्या इंजिनांकडून फारशी अपेक्षाच ठेवली जात नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत, जिच्या १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी प्रती तयार झाल्या, ऑइलची पातळी पाहण्यासाठी आज परिचित असलेली पट्टीच नव्हती. इंजिनाच्या मागच्या आवरणावर एकाखाली एक अशा दोन छोट्या तोट्या होत्या, आणि मालकाने गाडीखाली वाकून त्या उघडून पाहायच्या, वरच्या तोटीतून ऑइल आले तर पुरेसे आहे आणि खालच्या तोटीतूनही आले नाही तर इंजिन चालवू नये, अशी ती व्यवस्था होती. फिरता दांडा जिथे इंजिनाच्या पोटातून बाहेर येतो ती जागा बंद करणे हा खरा अवघड प्रश्न होता. स्थिर भागांच्या सांध्यात बूच, कागद किंवा तांबे व ॲस्बेस्टॉस यांचे पॅकिंग बसवता येत असे, पण फिरणाऱ्या दांड्याभोवती चामडे, दोरखंडासारखी विणलेली ग्रॅफाइट लावलेली वात, किंवा दांड्यावरच कोरलेले उलटे आटे यांवर भागवावे लागे. जर्मनीतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग ही मूळची चामडे कमावणारी कंपनी १९३० च्या दशकात स्प्रिंग लावलेले गोल सील बनवू लागली, आणि चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतल्यावर आज ज्याला ऑइल सील म्हणतात ती वस्तू सिद्ध झाली. तरीही जुनी पद्धत लगेच संपली नाही. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबॅसडरला ज्या ब्रिटिश बी-सिरीज घराण्यातील इंजिन मिळाले, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मागच्या टोकाला सील नसून उलटे आटेच होते; दांडा फिरत असताना ते आटे ऑइलला आत ओढून घेत, पण इंजिन थांबले की ही क्रिया थांबे, आणि चढावर उभी केलेली गाडी थोडे ऑइल टाकणारच. अशा गाडीच्या मालकाला प्रत्येक थेंब म्हणजे बिघाड नव्हे, हे समजून घ्यावे लागे, आणि नेहमीची गळती व नवी गळती यांत फरक करणे हे त्याच्या निदानाचे पहिले पाऊल ठरे.

मुंबईत मोटारी १८९८ मध्ये आल्या, आणि त्या पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचा समावेश होता, असे सामान्यतः नोंदवले जाते. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ मध्ये स्थापन झाली, आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. या काळात मोटार ही संस्थानिक, व्यापारी, वकील आणि डॉक्टर यांची वस्तू होती, तिच्याबरोबर पगारी चालक असे, आणि बॉनेट उघडण्याचे काम त्याचेच असे. मालकाने स्वतः दोष शोधणे ही प्रथा आपल्याकडे रुजली ती मोटार मध्यमवर्गाच्या वरच्या थरापर्यंत पोहोचली तेव्हा, आणि त्यामागे राज्यकर्त्यांच्या औद्योगिक धोरणाचा मोठा हात होता.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या वर्षी पहिल्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. केवळ सुटे भाग आणून गाडी जुळवणाऱ्या परदेशी कंपन्यांना भारतातच उत्पादन वाढवण्याचा किंवा निघून जाण्याचा पर्याय सरकारने ठेवला, तेव्हा जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला, आणि पुढील तीन दशके भारतीय ग्राहकासमोर मुख्यत्वे तीनच गाड्या राहिल्या : उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची फियाट. १९६० च्या दशकातील फियाट ११०० डिलाइट ही १९७० च्या दशकात आधी प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग प्रीमिअर पद्मिनी झाली, परंतु तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन मूलतः तेच राहिले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे आयात भाग दुर्मिळ होते, आणि एकदा मिळालेली गाडी वीस-वीस वर्षे सांभाळणे हेच शहाणपण होते. एकच इंजिन इतका दीर्घकाळ न बदलता राहिले, याचा परिणाम ज्ञानावर फार खोल झाला. १९६५ मध्ये शिकलेली खूण १९९५ मध्येही उपयोगी पडत होती. वडिलांनी मुलाला आणि उस्तादाने पोऱ्याला दिलेले ज्ञान जुने होत नव्हते. नव्या मॉडेलांच्या सततच्या बदलात असे संचित होऊ शकत नाही, आणि म्हणून या बंदिस्त बाजारपेठेने ग्राहकाचे जे नुकसान केले त्याबरोबर तिने एक लोकविद्याही पोसली, हे मान्य करावे लागते.

पद्मिनी सकाळी सुरू झाली नाही तर मालक जे करी त्यात एक ठरलेला क्रम होता. किल्ली फिरवल्यावर सेल्फ मुळीच हलला नाही तर आधी हेडलाइट लावून पाहायचा. सेल्फ मारताना दिवा अगदी मंद झाला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साठला आहे; दिवा तेजस्वीच राहिला आणि सेल्फ गप्प राहिला तर विद्युतप्रवाह सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. बारा व्होल्टची निरोगी बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, हे आकड्यात माहीत नसले तरी दिव्याच्या उजेडावरून ताडता येत असे. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन धरत नाही, अशी स्थिती असेल तर पेट्रोल की करंट, हा प्रश्न उरे. त्यासाठी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणारी जाड वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरायचे आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे एकाच कॉइलचा उच्च दाबाचा प्रवाह पाळीपाळीने चारही प्लगांना वाटणारा भाग. निळी, जाड, टच् असा आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइलपर्यंतचे सर्व ठीक. पिवळट, बारीक ठिणगी आली तर पॉइंट किंवा कंडेन्सर यांकडे वळायचे. पॉइंट ही दोन छोटी धातूची टोके इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर उघडझाप करून कॉइलमधील प्रवाह तोडतात, आणि तो तुटताक्षणी ठिणगीचा उच्च दाब तयार होतो. टोकांवर खड्डा पडला तर झिरो पेपरने घासायचे आणि त्यांतील अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवायचे. पेट्रोल पाहायचे तर कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप सैल करून पंपाची छोटी दांडी हाताने हलवायची, आणि प्लग काढल्यावर तो पेट्रोलने ओला व वासाचा निघाला तर मिश्रण गरजेपेक्षा जास्त झाले आहे, असे समजून चोक बंद करून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा.

या क्रमातील सर्वात महत्त्वाचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॉइंट, प्लग आणि कंडेन्सर एकदम बदलले आणि गाडी सुरू झाली तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि तोच दोष पुन्हा आल्यावर पुन्हा तिन्ही बदलावे लागतात. प्रयोगशाळेतील शिस्त यापेक्षा वेगळी नसते. फरक एवढाच की ही शिस्त रस्त्याच्या कडेला, कामावर पोहोचण्याची घाई असताना पाळावी लागत होती.

मुंबईच्या हवामानाने या विद्येला तिचे दोन ऋतू दिले. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राची खारट दमट हवा यांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत ओल धरे, आणि हजारो व्होल्टचा प्रवाह प्लगाकडे जाण्याऐवजी त्या ओलसर पृष्ठभागावरून सरळ लोखंडात उतरे. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे, चुलीपासून जरा दूर धरून शेकणे आणि परत बसवून वरून प्लास्टिकची पिशवी बांधणे हे पावसाळ्यातील नित्याचे उपाय होते. वारंवार असे झाले की टोपीच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी कार्बनची रेघ उमटे, आणि मग ती कितीही पुसली तरी उपयोग नसे, टोपीच बदलावी लागे; अनुभवी माणूस टोपी उन्हात तिरकी धरून ती रेघ शोधत असे. उन्हाळ्यातील आजार याच्या नेमका उलट होता. इंजिनाला खेटून बसवलेला पेट्रोल पंप तापून त्यातील पेट्रोलची वाफ होई, द्रव ओढण्यासाठी बनवलेल्या पंपाला वाफ ओढता येत नसे, आणि वाहतूक खोळंब्यात अडकलेली किंवा घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरूच होत नसे. पंपावर ओले फडके टाकून थांबणे हा उपाय पुणे-मुंबई रस्त्यावर बोरघाट चढणाऱ्या अनेकांच्या परिचयाचा होता. दोष कोणता हे इथे लक्षणापेक्षा प्रसंगावरून कळत असे : थंड असताना न सुरू होणारी गाडी आणि तापल्यावर न सुरू होणारी गाडी यांचे रोग वेगळे असतात, ही समज घरच्या निदानाची फार मोठी मिळकत होती.

गळतीचे निदान त्यापेक्षा संथ आणि अधिक निरीक्षणाचे काम होते. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायचे आणि सकाळी डागाची जागा, रंग, दाटपणा व वास पाहायचा, ही पद्धत जगभर सारखीच आढळते. काळपट तपकिरी आणि चिकट डाग इंजिन ऑइलचा, जास्त दाट व गंधकासारख्या उग्र वासाचा गिअर ऑइलचा, कागदावर पसरून लवकर उडून जाणारा पेट्रोलचा, आणि तांबूस गंजाचे पाणी रेडिएटरचे. आपल्याकडे रेडिएटरमध्ये दीर्घकाळ नळाचे साधे पाणीच घातले जाई. रंगीत कूलंटचा वापर रूढ झाल्यानंतर ही ओळख पुष्कळ सोपी झाली. मात्र डाग जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही, कारण ऑइल इंजिनाच्या अंगावरून खाली ओघळते आणि गाडीच्या वेगाच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून सर्वात खालचा थेंब न पाहता सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा ओला भाग पाहायचा, हा नियम. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करायचे, संशयित जागी खडूची किंवा टाल्कम पावडर उडवायची, थोडा वेळ इंजिन चालवायचे, आणि पावडर कुठे प्रथम काळवंडते ते पाहायचे. बहुतेक वेळा दोषी ठरे ते टॅपेट कव्हरचे बुचाचे पॅकिंग, आणि ते गळते म्हणून बोल्ट अधिक आवळले की बूच चिरडून गळती वाढे. नव्या हातांची ही चूक इतकी सार्वत्रिक होती की पाना हलका धरण्याचा धडा इथूनच दिला जाई.

याहून खोल असलेली एक गोष्ट फार थोड्या मालकांना उमगत असे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधील वायू खाली इंजिनाच्या पोटात उतरतो, तिथे दाब वाढतो, आणि तो दाब ऑइलला प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलतो. अशा इंजिनात नवे पॅकिंग, नवे सील काहीही बसवले तरी गळती थांबत नाही, कारण रोग सांध्यात नसून रिंगांत असतो, किंवा वायू बाहेर सोडणारी ब्रीदर नळी काजळीने तुंबलेली असते. जाणता मिस्त्री इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण उघडे आणि तिथून धुराचे फुत्कार येतात का ते पाही; सायलेन्सरमधून निळा धूर, झाकणातून फुत्कार आणि चारही बाजूंनी ओले इंजिन ही तीन लक्षणे एकत्र आली की खर्च पॅकिंगचा नसून बोअरिंगचा आहे, हे तो मालकाला सांगे. हाच वायू हवेत न सोडता पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था कॅलिफोर्नियातील धुरक्याच्या प्रश्नामुळे १९६१ पासून तेथील नव्या गाड्यांवर आली, आणि प्रदूषण रोखण्यासाठी आलेल्या त्या छोट्या व्हॉल्व्हने गळती कमी करण्याचे कामही केले.

तात्पुरत्या उपायांत स्वयंपाकघर आणि न्हाणीघर दोन्ही उपयोगी पडले. रेडिएटरला बारीक छिद्र पडले तर त्यात हळदीची पूड घालण्याचा उपाय ट्रकचालकांपासून मोटारमालकांपर्यंत सर्वांना ठाऊक होता; पाण्यात न विरघळणारे बारीक कण आणि उष्णतेने फुगणारे स्टार्च छिद्रात अडकून ते बुजवतात. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली तर तिच्यावर अंगाचा साबण घट्ट घासला जाई, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. दोन्ही उपायांमागे रसायनाची खरी समज आहे, आणि दोन्हींची मर्यादाही तितकीच खरी आहे : हळद छिद्राबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबवते, आणि पुढच्या घाटात तीच गाडी तापते. गाडी तापली की पद्मिनीच्या लोखंडी ब्लॉकवर बसलेले ॲल्युमिनियमचे हेड वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावून त्यांमधील गॅस्केट जाण्याची भीती असे. ते गेले की पाणी ऑइलमध्ये मिसळून झाकणाखाली साईसारखा पांढरट थर दिसे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येई, आणि रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपलेल्या पाण्यामुळे सकाळी सेल्फ अडे. गळती आणि सुरू न होणे ही दोन लक्षणे इथे एकाच कारणाची ठरतात. इनटेक मॅनिफोल्डच्या सांध्यातून आत शिरणारी हवा मिश्रण पातळ करते आणि थंड इंजिन धरत नाही, हेही तसेच उदाहरण. ही गळती बाहेर काहीच सांडत नाही, ती फक्त सूं असा बारीक आवाज करते, आणि म्हणून ती कानाने शोधावी लागते.

हे सर्व ज्ञान कोठून येत होते, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने कळीचा आहे. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीपासून मालकांसाठीच्या दुरुस्तीपुस्तकांची मालिका सुरू केली, ज्यात प्रत्यक्ष गाडी सुटी करून पुन्हा जोडताना काढलेली छायाचित्रे असत. अमेरिकेत जॉन म्यूर यांचे फोक्सवॅगन जिवंत ठेवण्याविषयीचे पुस्तक १९६९ मध्ये आले आणि यंत्राची भीती वाटणाऱ्या सामान्य माणसाला उद्देशून ते लिहिलेले होते. महाराष्ट्रात हे ज्ञान प्रामुख्याने हातातून हातात गेले : गॅरेजमधील उस्तादाकडून पोऱ्याकडे, टॅक्सीच्या थांब्यावर एका चालकाकडून दुसऱ्याकडे, पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुसंख्येने फियाट आणि पद्मिनी होत्या, दिवसभर चालत होत्या, आणि बंद गाडीचा अर्थ बंद कमाई असल्याने त्यांचे चालक निदानात सर्वांत वेगवान होते. खाजगी मालकालाही याचा लाभ होई. रस्त्यात अडलेल्या पद्मिनीजवळ थांबून बॉनेटखाली डोकावणारा टॅक्सीवाला हा त्या काळातील मुंबईचा एक सामान्य अनुभव होता. अशा ज्ञानाचे लेखन न झाल्याने त्याची हानी झाली आहे, आणि ती भरून काढण्यासारखे साक्षीदार अजून हयात आहेत.

या विद्येची एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. पॅकिंग आणि क्लच प्लेट यांतील ॲस्बेस्टॉसची धूळ तोंडाने फुंकून साफ केली जाई, पेट्रोल नळीने तोंडात ओढून उपसले जाई, आणि हात धुतले जात तेही पेट्रोलनेच, ज्यात टेट्राएथिल लेड हे शिशाचे विषारी संयुग मिसळलेले असे. प्लगाच्या टोकावरील कॉफीसारखा तपकिरी रंग म्हणजे निरोगी इंजिन, ही गॅरेजमधील सर्वमान्य खूणही बऱ्याच अंशी त्या शिशाच्या क्षारांची देणगी होती. भारतात चार महानगरांतील नव्या गाड्यांसाठी १९९५ मध्ये शिसेरहित पेट्रोल आले आणि २००० पर्यंत शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, तेव्हा प्लगाचा रंग फिका झाला आणि जुन्या डोळ्यांना निरोगी इंजिनही आजारी वाटू लागले. शरीराने शिकलेले ज्ञान किती विशिष्ट परिस्थितीला बांधलेले असते, याचे यापेक्षा नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिच्यातही कार्ब्युरेटरच होता, त्यामुळे खरा बदल लगेच जाणवला नाही. शतक संपताना उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरची जागा संगणकाने नियंत्रित होणाऱ्या इंजेक्शनने घेतली. पॉइंट, कंडेन्सर, चोक आणि हाताने हलवायचा पंप हे सर्व एकामागून एक नाहीसे झाले, पेट्रोल पंप टाकीच्या आत गेला, आणि बंद गाडीला धक्का मारणेही न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला इजा करू शकते म्हणून टाळावे लागू लागले. पद्मिनीचे उत्पादन याच सुमारास थांबले. मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली होती, आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून बाहेर पडली. नव्या इंजिनांचे सील टिकाऊ, सांधे अचूक आणि सुरू होणे जवळजवळ निश्चित झाले, हा लाभ निर्विवाद आहे. पावसाळी सकाळी रुग्णालयात निघालेल्या कुटुंबाला डिस्ट्रिब्युटरची टोपी शेकत बसावे लागत नाही, यात हळहळण्यासारखे काही नाही.

दोष ओळखण्याचे कामही यंत्राकडेच गेले. कॅलिफोर्नियाच्या हवा-नियामक मंडळाने १९८८ पासूनच्या मॉडेलांवर गाडीतच बसवलेली स्वयंनिदान व्यवस्था आणली, १९९६ पासून अमेरिकेत तिचे दुसरे, प्रमाणित रूप सर्व मोटारींना लागू झाले, आणि भारतात भारत स्टेज चारच्या निकषांबरोबर पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये व दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या जोडणीत छोटे वाचकयंत्र लावले की मोबाइलच्या पडद्यावर संकेतांक दिसतो : पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. अनेक मालक हा संकेतांक वाचून त्यात नाव आलेला भागच बदलतात, आणि जुन्या काळात अंदाजाने पॉइंट बदलणाऱ्यांची चूक नव्या साधनांनिशी पुन्हा करतात. संकेतांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. पी ०१७१ मागे इनटेकचा फाटलेला पाइप असू शकतो, पंपाचा कमी दाब असू शकतो किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर असू शकतो. आणि फाटलेला पाइप शोधण्यासाठी इंजिन चालू ठेवून कान लावणे आजही उपयोगी पडते.

अमेरिकेच्या १९९६ च्या त्याच नियमांत गळतीसंबंधी एक विलक्षण अपेक्षा घातलेली होती. पेट्रोलच्या टाकीतून व तिच्या नळ्यांतून निघणारी वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती बंद व्यवस्थेत साठवली जाते, आणि या व्यवस्थेत सुमारे एक मिलिमीटर व्यासाएवढे छिद्र पडले तरी गाडीच्या संगणकाने ते स्वतः ओळखून दिवा लावला पाहिजे, अशी अट होती. कॅलिफोर्नियात २००० च्या मॉडेलांपासून ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली. संगणक हे करतो ते व्यवस्था बंद करून, तिच्यात थोडी निर्वात स्थिती किंवा दाब निर्माण करून आणि तो किती वेळ टिकतो हे मोजून. छिद्र आहे, हे त्यातून कळते. ते कुठे आहे, हे कळत नाही, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून तो कोठून बाहेर येतो हे डोळ्यांनी पाहावे लागते. त्याआधी मालकाने स्वतः करायची एक तपासणी मात्र तिथल्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत छापलेली असते : दिवा लागला तर प्रथम पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून त्याचे रबर पाहावे, आणि ते पुन्हा घट्ट बसवून काही दिवस गाडी चालवून पाहावी.